थेम्स नदीवरील नौकाविहार : घटकाभर थांबण्याच्या हक्काचा इतिहास

शालेय जीवनात इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकात आम्हांला भिंतीवर तसबीर टांगणाऱ्या एका काकांचा धडा होता. खिळा हरवतो, हातोडी सापडत नाही, सारे घर कामाला लागते आणि शेवटी मध्यरात्री तसबीर तिरकी का होईना, पण टांगली जाते. तो धडा 'थ्री मेन इन अ बोट' या पुस्तकातला, एवढेच मास्तरांनी सांगितले होते. पुढे महाविद्यालयात असताना ग्रंथालयातून ते पुस्तक आणून वाचले. तीन मित्र आणि एक कुत्रा थेम्स नदीवर होडीतून पंधरवडाभर सहल करतात, एवढेच त्याचे कथानक. त्या वयात आम्ही पोट धरून हसलो. मात्र नदीवर काहीही कामधंदा न करता पंधरा दिवस हिंडावयाचे, ही गोष्ट आम्हांस केवळ लेखकाची लहर वाटली होती. आमच्याकडे नदीवर जावयाचे ते पाणी आणण्यासाठी, कपडे धुण्यासाठी, पर्वणीच्या स्नानासाठी, नाहीतर कोणाला तरी शेवटचे पोहोचविण्यासाठी.

सेवानिवृत्तीनंतर, २०१९ च्या जून महिन्यात, मुलगी-जावयांकडे रीडिंग येथे राहण्याचा योग आला. जावईबापूंनी आधीच एक छोटी मोटरबोट भाड्याने ठरवून ठेवली होती. झोपण्यास चार फळ्या, स्वयंपाकास दोन शेगड्या आणि वर कापडी छत. रीडिंगपासून नदीच्या उलट अंगाने ऑक्सफर्डपर्यंत आणि परत, असा सहा दिवसांचा बेत होता. आगगाडीने हे अंतर अर्ध्या तासाचे. नदीवर मात्र ताशी आठ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाण्यास मनाई आहे. पहिल्या दिवशी आमच्या सौ.नी विचारले, "काठावरची माणसे आपल्यापुढे चालत जात आहेत, मग आपण बोटीत कशाला बसलो?" दुसऱ्या दिवसापासून हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

या वाटेवर अकरा लॉक लागतात. लॉक म्हणजे नदीच्या पात्रात दोन्ही बाजूंनी दरवाजे असलेली दगडी पेटी. खालच्या पातळीवरून बोट आत घ्यावयाची, मागचा दरवाजा लावावयाचा, पुढच्या दरवाजाच्या झडपा उघडून पाणी भरू द्यावयाचे. पाण्याबरोबर बोट वर येते, मग पुढचा दरवाजा उघडावयाचा. लॉकच्या रखवालदाराचे घर शेजारीच असते आणि त्याभोवती जोपासलेली फुलबाग. आमच्यासारख्या महसूल खात्यात हयात घालविलेल्या माणसाला त्या फुलांपेक्षा एका गोष्टीचे नवल वाटले : एवढी सारी यंत्रणा, दरवाजे, बंधारे, माणसे, हे सर्व आज चालते ते मुख्यतः सहलीला आलेल्या लोकांसाठी. हे असे केव्हापासून, आणि कोणी ठरविले? त्या सहा दिवसांत आणि नंतर घरी परतल्यावर वाचून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

थेम्स ही मुळात विसाव्याची नदी नव्हे. सुमारे ३४६ किलोमीटर लांबीचा हा प्रवाह शेकडो वर्षे दक्षिण इंग्लंडचा मालवाहतुकीचा रस्ता होता. धान्य, लाकूड, दगड, कोळसा सारे याच वाटेने ये-जा करी. पण नदीवर एकट्या नावाड्यांचा डोळा नव्हता. पाणचक्कीवाल्यांना पाणी अडवून हवे, मासेमारांना पात्रात कुडाचे बांध घालून हवेत आणि नावाड्यांना पात्र मोकळे हवे. या तिघांचे भांडण इतके जुने आहे की, १२१५ साली याच नदीच्या काठी रनीमीडच्या कुरणात राजा जॉनने ज्या 'मॅग्ना कार्टा'वर मोहोर उठविली, तिच्या तेहतिसाव्या कलमात थेम्समधील मासेमारीचे बांध काढून टाकावेत असे स्पष्ट लिहिलेले आहे. स्वातंत्र्याची सनद म्हणून आम्ही तिच्याविषयी शाळेत घोकले. तिच्यात नदी मोकळी ठेवण्याचेही कलम आहे, हे आम्हांस साठी ओलांडल्यावर कळले.

सनद झाली तरी बंधारे राहिलेच. नाव पुढे नेण्यासाठी बंधाऱ्याचा थोडा भाग, फळ्या आणि खुंट काढून, उघडावयाचा; तुंबलेले पाणी लोंढ्यासारखे सुटले की खाली जाणारी नाव त्या लोंढ्यावरून सोडून द्यावयाची आणि वर येणारी नाव दोरांनी ओढून काढावयाची, अशी रीत होती. चक्कीवाला पाणी केव्हा सोडील यावर सारे अवलंबून. त्याला पैसे मोजावे लागत आणि वाट पाहत राहावे लागे ते वेगळेच. या प्रकारात जीवही जात. गोरिंग येथे १६७४ साली बंधाऱ्यापाशी नाव उलटून पन्नासहून अधिक माणसे बुडाली. आम्ही गोरिंगला बोट बांधली तेव्हा त्याच बंधाऱ्याच्या जागी पाणी पांढरे होऊन कोसळत होते आणि काठावरच्या हॉटेलात मंडळी चहा घेत होती.

दोन दरवाजांचे लॉक थेम्सवर प्रथम आले ते ऑक्सफर्डच्या बाजूला, १६३० च्या दशकात. इफ्ली आणि सँडफर्ड ही त्यांतली ठिकाणे आमच्या वाटेवरच होती. १७७१ च्या कायद्यानंतर मात्र सरकारी आयुक्तांनी कामाला वेग दिला आणि मेडनहेडजवळच्या बोल्टर्स लॉकपासून वरच्या अंगाला १७७०-८० च्या दरम्यान एकामागून एक लॉक उभे राहिले. घोड्यांनी नावा ओढण्यासाठी काठाने वाट बांधण्यात आली. आता नदी खऱ्या अर्थाने राजमार्ग झाली, असे वाटत असतानाच आगगाडी आली. ग्रेट वेस्टर्न रेल्वे १८३८ साली मेडनहेडजवळ, १८४० साली रीडिंगला आणि १८४४ साली ऑक्सफर्डला पोहोचली. मूल्सफर्ड येथे ब्रूनेलने बांधलेल्या विटांच्या पुलाखालून आमची बोट जात असता डोक्यावरून गाडी धडधडत गेली. याच पुलांनी नदीवरच्या नावाड्यांची भाकरी हिरावून घेतली. मालवाहतूक आटली, लॉकवरची पट्टी आटली, लॉक मोडकळीस आले. अखेर १८६६ साली वरच्या नदीचा कारभार 'थेम्स कॉन्झर्व्हन्सी' या मंडळाकडे सोपविण्यात आला. हे मंडळ १८५७ साली खालच्या नदीसाठी स्थापन झालेले होते.

आणि येथेच या कथेला वळण मिळते. ज्या आगगाडीने नदीचा व्यापार संपविला, तिनेच नदीला नवे गिऱ्हाईक आणून दिले. लंडनमधील कचेऱ्यांत आणि दुकानांत काम करणाऱ्या कारकुनाला शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी मिळू लागली होती. सर जॉन लबक यांच्या प्रयत्नाने १८७१ साली बँक हॉलिडेचा कायदा झाला आणि वर्षाकाठी आणखी काही हक्काचे दिवस त्यात जमा झाले. पॅडिंग्टन स्टेशनवर तिकीट काढले की, तासाभरात नदीकाठ. ऑक्सफर्डच्या सॉल्टर बंधूंसारखे होडीवाले आठवडाभरासाठी होडी भाड्याने देत. गिऱ्हाइकाने ती प्रवाहाबरोबर लंडनच्या बाजूला आणून सोडावयाची, परत नेण्याची व्यवस्था होडीवाल्याची. १८८८ पासून त्यांच्याच आगबोटी ऑक्सफर्ड ते किंग्स्टन अशा नियमित धावू लागल्या. बोल्टर्स लॉकवर तर अॅस्कॉटच्या शर्यतींनंतरच्या रविवारी जत्राच भरे. १८८८ च्या अशा एका रविवारी सुमारे ८०० होड्या आणि ७२ वाफेच्या लाँच त्या एका लॉकमधून गेल्याची नोंद आहे. एडवर्ड ग्रेगरी या चित्रकाराने त्या गर्दीचे चित्र अनेक वर्षे खपून पूर्ण केले. पांढरे कपडे, रंगीत छत्र्या, एकमेकांत अडकलेली वल्ही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मोडीत निघालेली नदी ती हीच.

साहित्यिकांनाही तिचा मोह पडला. लुईस कॅरॉल यांनी 'अॅलिस'ची गोष्ट प्रथम सांगितली ती ४ जुलै १८६२ रोजी, ऑक्सफर्डच्या फॉली ब्रिजपासून गॉडस्टोपर्यंत होडी वल्हवीत असता, तीन लहान मुलींना. विल्यम मॉरिस १८८० साली हॅमरस्मिथच्या आपल्या घरून केल्मस्कॉटच्या घरापर्यंत सहकुटुंब नौकेने गेले. केनेथ ग्रॅहम यांच्या 'द विंड इन द विलोज'मधील उंदीर आणि चिचुंदरी याच नदीवर होडीतून फिरतात आणि काठावर उतरून फराळ करतात. ग्रॅहम यांचे अखेरचे वास्तव्य पँगबोर्नला होते. आम्ही पहिली रात्र त्याच गावापाशी काढली.

पण या सर्वांत आमच्या पुस्तकाचे कर्ते जेरोम के. जेरोम यांची जात वेगळी. ते विद्यापीठाचे नव्हेत, जमीनदार घराण्यातले नव्हेत. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले, चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि रेल्वेच्या कचेरीत नोकरी धरावी लागली. पुढे त्यांनी नाटक कंपनीत, मास्तरकीत, वकिलाच्या कचेरीत दिवस काढले. १८८८ साली लग्न झाल्यावर मधुचंद्रासाठी ते थेम्सवर गेले आणि परत येऊन लिहावयास बसले ते नदीचा इतिहास. विनोद तोंडी लावण्यापुरता येणार होता. प्रत्यक्षात तोच वाढत गेला आणि मासिकाच्या संपादकांनी इतिहासाचा बराच भाग गाळला. १८८९ साली पुस्तक निघाले व हातोहात खपले. 'पंच' या प्रतिष्ठित साप्ताहिकाने मात्र त्यांना ''आरी के. 'आरी' असे हिणवले. म्हणजे 'ह'चा उच्चार न करणारा, खालच्या आळीतला, सुटीच्या दिवशी नदी घाण करावयास येणारा इसम. त्या हिणवण्यात विनोदापेक्षा धास्ती अधिक होती. नदीवर कोणी यावे, हा वाद त्यामागे होता.

हा वाद जेरोम यांच्या पुस्तकातही आहे, पण हसण्याच्या भरात तो आमच्या नजरेतून सुटला होता. नदीकाठचे जमीनमालक 'खाजगी' अशा पाट्या लावतात, आडव्या प्रवाहांवर साखळ्या ताणतात, होडी बांधून दोन घास खाणाऱ्याला हुसकून लावतात. या पाट्या पाहून निवेदकाच्या मनात काय काय हिंसक विचार येतात, हे त्यांनी रंगवून लिहिले आहे. तो केवळ विनोद नव्हता. मुख्य पात्राच्या बाजूने निघून पुन्हा तिला मिळणारे जे शांत, झाडांनी झाकलेले फाटे असतात, तेच विसाव्याचे खरे ठिकाण. आणि तेच बंद होऊ लागले होते. मालकांचीही एक बाजू होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. वाफेच्या लाँचच्या लाटांनी काठ ढासळत, घरनौका महिनोन् महिने एकाच जागी ठाण मांडीत, बंदुका घेऊन आलेले हौशी लोक पक्षी मारीत.

१८८४ साली हाउस ऑफ कॉमन्सने या प्रश्नावर निवड समिती नेमली आणि १८८५ साली 'थेम्स प्रिझर्व्हेशन अॅक्ट' संमत झाला. या कायद्याचा मसुदा आम्ही मुद्दाम मिळवून वाचला. चाळीस वर्षे कायद्याचे कागद वाचून आमची नजर निबर झालेली. तरीही हा वाचताना आम्ही थबकलो. थेम्स हा नौकानयनाचा सार्वजनिक मार्ग असून ती आता लोकांच्या करमणुकीची व विहाराची जागा झाली आहे आणि तशी तिचे जतन झाले पाहिजे, हे तो प्रारंभीच मान्य करतो. क्रिकलेडपासून टेडिंग्टनपर्यंतच्या नदीच्या प्रत्येक भागावर, फाटे व उपप्रवाह यांसह, धंद्यासाठी वा आनंदासाठी होडीने ये-जा करण्याचा सर्वांस हक्क आहे, असे तो घोषित करतो. खाजगी पाट आणि कालवे यांना त्यातून वगळले आहे. बंदुकींस बंदी आहे. लाँच आणि घरनौका यांवर निर्बंध आहेत. आणि पुढे एक छोटे कलम आहे : या हक्कात, आनंदासाठी नौकाविहार करीत असता, वाजवी वेळपर्यंत नांगर टाकणे, नाव बांधणे किंवा एका जागी स्थिर राहणे, याचाही समावेश होतो.

म्हणजे नुसते जाण्याचा नव्हे, तर थांबण्याचाही हक्क. रस्त्यावरून जाण्याचा हक्क जगातील प्रत्येक राज्य देते, कारण त्यात राज्याचाही लाभ असतो. पण एखाद्याने झाडाच्या सावलीत होडी उभी करून घटकाभर काहीच न करता बसावे आणि त्याला कोणी उठवू नये, असे कायद्याच्या भाषेत लिहून ठेवणारा मसुदालेखक आम्हांस दुसरा आढळलेला नाही.

पाणी जवळ असणे आणि ते आपले असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत, याचा आणखी एक दाखला याच प्रवासात मिळाला. गोरिंगहून काही मैलांवर टेकड्यांत स्टोक रो नावाचे खेडे आहे. जावईबापू आम्हांला तेथे मोटारीने घेऊन गेले, कारण तेथे काशीच्या महाराजांची विहीर आहे. या टेकड्या चुनखडीच्या. पाणी मुरते, टिकत नाही. खाली थेम्स भरून वाहत असता वरच्या गावात लोक डबक्यांवर दिवस काढीत. या भागातले एडवर्ड रीड हे हिंदुस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी गावच्या पाणीटंचाईची हकिकत काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती. ती ध्यानात ठेवून महाराजांनी स्वखर्चाने ३६८ फूट खोल विहीर खणवून दिली. ती हाताने खणलेली असून १८६४ साली गावाला खुली झाली. वर घुमट आहे, त्याखाली सोनेरी हत्ती आहे. पाणी सर्वांस विनामूल्य मिळावे, अशी सोय होती. सौ.नी विहिरीला हात जोडले. आम्हीही जोडले, पण आमच्या मनात त्या क्षणी वेगळेच काही चालले होते.

१९९१ च्या सुमारास आम्ही घटप्रभेच्या खोऱ्यातील एका तालुक्यात तहसीलदार होतो. एका गावाहून अर्ज आला. मळ्यातून नदीवर जाणारी जुनी वाट उसाच्या मालकाने काटेरी तार घालून बंद केली होती. आम्ही रीतसर चौकशी केली. गावनकाशावर वाट नव्हती, उताऱ्यावर नोंद नव्हती, दुसऱ्या बाजूने नदीवर जाण्यास मैलभर वळशाचा रस्ता होता. 'सार्वजनिक वहिवाट सिद्ध होत नाही' असा शेरा मारून आम्ही अर्ज निकाली काढला. त्या दिवशी कचेरीत आलेल्या मंडळींत एक वृद्ध गृहस्थ होते. आम्ही त्यांना विचारले, की पाणी घरोघर नळाने येते, धुणे धुवावयास दुसरी जागा आहे, मग या वाटेवर तुमचे काय काम? ते म्हणाले, "काम काही नाही साहेब. संध्याकाळी जाऊन बसतो. नदीकाठी घटकाभर बसायला कागद कशाला लागतो?"

आम्ही हसलो होतो, असे आठवते. शिरस्तेदारही हसले. निकाल नियमाला धरून होता. आजही कोणी ती फाइल काढली तर त्यात चूक सापडणार नाही. पण त्या वृद्धाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेव्हा देता आले नाही, आणि थेम्सवरच्या त्या सहा दिवसांत ते मिळाले. उत्तर असे, की होय, कागद लागतो. इंग्लंडातही तो लागला. जोवर तो नव्हता, तोवर तेथेही साखळ्या होत्या, पाट्या होत्या, आणि हुसकणारे रखवालदार होते. फरक इतकाच, की तेथे कोणीतरी तो कागद लिहावयास बसले. आमच्यापुढेही त्या दिवशी कागद होता आणि हातात लेखणी होती. वहिवाट सिद्ध होत नाही, एवढे लिहून आम्ही ती खाली ठेवली. गावात जाऊन चार म्हाताऱ्यांचे जबाब घेतले असते, वाटेची मोजणी करून नोंद धरण्याचा प्रस्ताव वर पाठविला असता, तर कदाचित तो मंजूर झाला असता, कदाचित नसता. पण तो पाठविणे आमच्या अधिकारात होते.

कायदा झाला म्हणजे नदीचे सदैव कल्याण झाले, असेही नव्हे. थेम्स कॉन्झर्व्हन्सी १९७४ साली बरखास्त झाली आणि नदीचा कारभार हात बदलत १९९६ साली पर्यावरण संस्थेकडे आला. त्याच वर्षी उगमापासून लंडनपर्यंतची पायवाट राष्ट्रीय मार्ग म्हणून खुली झाली. पुष्कळ ठिकाणी ती घोड्यांच्या त्या जुन्या वाटेवरूनच जाते. परंतु याच नदीत मैला सोडल्याबद्दल तेथील मलनिःसारण कंपनीला २०१७ साली न्यायालयाने सुमारे २ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. साखळी लावून नदी बंद करता येते, तशी घाण सोडूनही करता येते. प्रत्येक पिढीला तोच दावा नव्याने लढवावा लागतो.

परतीच्या वाटेवर शेवटच्या संध्याकाळी आम्ही मेपलडरहॅमच्या पाणचक्कीच्या वरच्या अंगाला, विलोच्या झाडाखाली, बोट बांधली. काठावरच्या वाटेने एक वृद्ध जोडपे कुत्र्याला घेऊन आले आणि बाकावर बसले. ते काही बोलत नव्हते. अर्धा-पाऊण तास बसून अंधार पडू लागल्यावर ते उठून निघून गेले. आमच्या सौ. म्हणाल्या, "किती शांत बसले होते." आम्ही होकार दिला. आम्हांला घटप्रभेकाठचे ते गृहस्थ आठवत होते. तार घातल्यानंतर ते संध्याकाळी कोठे जाऊन बसत असतील, याची चौकशी करण्याचे त्या तालुक्यातील आमच्या अडीच वर्षांच्या कारकिर्दीत आम्हांस एकदाही सुचले नव्हते.